वय वाढतं तशी कॅमेलियनची भूक का बदलते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः व्हेल्ड कॅमेलियन (डोक्यावर उंच तुरा असलेला, रंग बदलणारा सरडा) डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. घरात पाळला जाणारा हा सगळ्यात ओळखीचा कॅमेलियन, आणि माझा स्वतःचा अनुभवही याच जातीचा आहे. पँथर आणि जॅक्सन या जातींचं जिथे वेगळं आहे, तिथे तसं लिहिलंय.

पिल्लू असताना दिवसाला वीस-वीस रातकिडे फस्त करायचा. आता पाच खाल्ले की तोंड फिरवतो. आजारी पडलाय का?

वय सहा महिन्यांच्या पुढे असेल, वजन टिकून असेल आणि डोळे टपोरे असतील, तर बहुधा नाही. त्याची वाढ आवरत आलीय.

अंड्यातून बाहेर येतं तेव्हा व्हेल्डचं पिल्लू जेमतेम एक-दीड ग्रॅमचं असतं. नर असेल तर साधारण वर्षभरात तेच १०० ग्रॅमच्या पुढे जातं. एवढी हाडं, एवढे स्नायू, एवढी कातडी किड्यांतूनच उभी करायची, म्हणून सुरुवातीचे महिने त्याला भुकेने उसंत नसते. बांधकाम संपलं की तेवढा माल लागत नाही. मग उरतो तो रोजचा खर्च, आणि कॅमेलियनचा रोजचा खर्च अगदी थोडा. त्याच्या अंगाला ऊब बाहेरून मिळते, त्यासाठी त्याला अन्न जाळावं लागत नाही. दिवसाचा मोठा भाग तो एका फांदीवर बसून काढतो.

त्यामुळे भूक कमी होणं हे ठरल्याप्रमाणे होतंय. अडचण होते ती आपल्या हाताची. हात पिल्लाच्याच मापाने खायला देत राहतो.

मग कुठल्या वयात किती द्यायचं?

पहिले तीन-चार महिने हात आखडता घ्यायचा नाही. दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढं. चौथ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत दिवसातून एकदा, साधारण दहा-बारा किडे. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान हळूहळू दिवसाआडवर यायचं. वर्षाच्या आसपास पूर्ण वाढलेल्या नराला दिवसाआड किंवा आठवड्यातून तीनदा चार-पाच मध्यम किडे पुरतात. मादीला त्याहून थोडं कमी, आणि तिच्याबाबतीत हे आवरणं जरा आधी सुरू करायचं. का ते पुढे येतंय.

हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. किडा केवढा आहे, कुठला आहे, यावर ते मागेपुढे होतात. एक भली मोठी सुपरवर्म अळी आणि एक लहानसा रातकिडा यांची गिनती सारखी करून चालत नाही.

पण तो मागतोय! मी जवळ गेलो की पुढे येतो, डोळे माझ्यावर रोखतो. उपाशी ठेवल्यासारखं वाटतं.

हे मला मनापासून कळतं, कारण मी याच ठिकाणी चुकलो. माझा पहिला नर आठ महिन्यांचा होईपर्यंत मी त्याला रोज दहा-बारा रातकिडे देत होतो. तो मागायचा आणि मी द्यायचो. एके दिवशी बाजूने प्रकाश पडला असताना पाहिलं, तर डोक्यावरच्या तुऱ्याच्या दोन्ही बाजू, ज्या सपाट किंवा किंचित खोलगट असायला हव्यात, त्या उशीसारख्या फुगल्या होत्या. पुढच्या पायांचे दंड गोल झाले होते. ती चरबी होती. ती उतरवायला मला पाच महिने लागले.

रानात कॅमेलियनला उद्या किडा मिळेल याची खात्री नसते. समोर आलेला किडा टिपायचा, ही त्याची उपजत सवय आहे. त्या सवयीला आपण भूक म्हणतो. हात दिसला की किडा येतो हे तो पटकन शिकतो, म्हणून पुढे येतो. पुढे येऊ द्या. खाण्याचा वार नसेल तर झाडाला पाणी फवारा, त्यालाही थोडं प्यायला मिळेल.

जास्त खायला घातलं तर नेमकं बिघडतं काय?

नरात चरबी यकृताभोवती साठते. पाणी कमी आणि खाणं जास्त असं बराच काळ चाललं तर मूत्रपिंडांवर ताण येतो. मग यूरिक ॲसिडचे खडे सांध्यांत साठतात, सांधे सुजतात, पकड सुटते. गाऊट म्हणतात तो हाच आजार. गळ्याखाली पाणी धरल्यासारखी सूज येते, तिच्यामागेही अनेकदा जास्तीचं खाणं किंवा जीवनसत्त्वांच्या पावडरींचा अतिरेक सापडतो.

मादीत याची किंमत अंड्यांनी मोजावी लागते.

माझी मादी एकटीच असते, नर कधी पाहिलेलाही नाही. तरी आठवडाभर काही खाल्लं नाही. काय असेल?

अंडी. सगळ्यात आधी हीच शंका घ्या.

व्हेल्डची मादी चार ते सहा महिन्यांत वयात येते आणि नराशिवायही अंडी धरते. कोंबडीसारखंच, अंडी फलित नसतात पण घालावी लागतातच. पोटात अंडी तयार होत असताना ती भरपूर खाते. शेवटच्या दिवसांत पोटात जागाच उरत नाही, मग खाणं एकदम कमी होतं किंवा थांबतं. पाणी मात्र पीत राहते. एरवी फांदीवर शांत बसणारी मादी पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या घालायला लागते, कोपरे उकरते. बाजूने पाहिलं तर पोट गोट्या भरलेल्या पिशवीसारखं उंचसखल दिसतं. पुष्कळदा रंगही गडद होतो.

अशा वेळी खायला घालण्याच्या मागे लागू नका. तिला खणायला जागा द्या. किमान ३० सेंटिमीटर खोल आणि तेवढीच रुंद बादली किंवा डबा, त्यात धुतलेली रेती, किंवा रेती आणि माती एकत्र. ओलावा इतकाच की बोटाने भोक पाडलं तर ते ढासळू नये, पण मूठ दाबली तर पाणी गळू नये. खरं तर ही बादली मादी चार महिन्यांची झाली की पिंजऱ्यात कायमचीच ठेवावी.

ती खणायला लागली की पिंजऱ्यावर कापड टाका आणि लांब व्हा. हे मी हात जोडून सांगतो. माझी मादी पहिल्यांदा खणत होती तेव्हा मी दर अर्ध्या तासाने वाकून पाहत होतो. तिने दोनदा भोक अर्धवट सोडलं. तिसऱ्या दिवशी मी दिवसभर बाहेर होतो. परत आलो तर रेती सपाट थापलेली, मादी वरच्या फांदीवर, पोट आत गेलेलं आणि नाकाला माती लागलेली. रेतीत एकतीस अंडी निघाली.

अंडी घालून झाल्यावर ती खंगलेली आणि तहानलेली असते. पहिल्या दिवशी भरपूर पाणी, मग चार-पाच दिवस रोज चांगलं खाणं, किड्यांवर कॅल्शियम. त्यानंतर पुन्हा नेहमीच्या मापावर.

हे धोक्याचं कधी ठरतं?

न खाणाऱ्या मादीचे डोळे दिवसा मिटलेले असतील, ती तळाशी पडून राहत असेल, पकड सैल झाली असेल, किंवा खणून-खणून थकली तरी अंडी येत नसतील, तर अंडी अडकली आहेत असं धरून त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. उद्या पाहू, असं यात करायचं नसतं. उशीर झाला की मादी हातातून जाते.

अंडी कमी व्हावीत म्हणून काही करता येतं?

येतं, आणि ते मुख्यतः खाण्यातूनच करता येतं. एका वेळी येणाऱ्या अंड्यांची संख्या मादीला किती पोसलंय यावर फार अवलंबून असते. मोजून-मापून पोसलेली मादी वीसच्या आसपास अंडी घालते किंवा एखादी खेप चुकवतेही. रोज पोटभर खाणारी मादी साठ-सत्तर अंड्यांपर्यंत जाऊ शकते, आणि दर खेपेला तिच्या हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं. पाच-सहा महिन्यांनंतर तिला दिवसाआड तीन-चार किडे द्या. दिव्याखालची जागा नरापेक्षा थोडी कमी गरम, २७ अंशांच्या आसपास ठेवा. मात्र वाढीच्या पहिल्या महिन्यांत तिचं खाणं तोडू नका. तेव्हा हाडं भरायची असतात.

नर वयात आल्यावर अचानक खाणं सोडतो, ते का?

त्याचं लक्ष दुसरीकडे असतं. दुसरा कॅमेलियन नजरेच्या टप्प्यात असेल, मग तो नर असो की मादी, तर कित्येक नर खायचे थांबतात आणि दिवसभर फिरत, रंग फुलवत राहतात. दुसरा प्राणी घरात नसेल तर काच तपासा. खिडकीत, कपाटाच्या दारात स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असतं आणि तो त्याच्याशी झुंजत असतो. मध्ये पडदा किंवा दाट पानांची कुंडी ठेवून पाहा. वर्षाच्या ठरावीक काळात काही नर आठवडा-दोन आठवडे मंद खातात आणि पुन्हा आपोआप रुळावर येतात. वजन उतरत नसेल तर काळजी नको.

वयाची भूक आणि आजाराची भूक यांतला फरक कसा ओळखायचा?

वयाने कमी झालेली भूक महिनाभरात उतरत येते. आजाराने गेलेली भूक दोन-चार दिवसांत जाते, आणि तिच्याबरोबर आणखी काही तरी बदलतं. ते बदललेलं शोधायचं असतं.

डोळे पाहा. निरोगी कॅमेलियनचे डोळे बाहेर आलेले, भरलेले आणि सतत फिरते असतात. ते आत गेले असतील तर पाणी कमी पडतंय किंवा अंगात काही शिजतंय. दिवसाउजेडी डोळे मिटून बसणं हे कॅमेलियनमध्ये कधीही साधं लक्षण नसतं.

विष्ठा पाहा. तपकिरी भागाला जोडून जो खडूसारखा भाग असतो तो पांढरा हवा. टोकाला थोडा पिवळसर असेल तर चालेल, पण पूर्ण केशरी झाला तर पाणी कमी आहे. पातळ, घाण वास येणारी विष्ठा आणि उतरतं वजन असेल तर पोटात जंत किंवा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) असू शकतात. ताजा नमुना तपासून घेतला की कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला किडा टिपताना पाहा. नुसता वाडगा रिकामा झाला की नाही हे पाहून भागत नाही. भूक नसलेला कॅमेलियन किड्याकडे एक डोळा वळवतो आणि परत फिरवतो, बस. भूक आहे पण त्रास आहे, असा कॅमेलियन वेगळा दिसतो. दोन्ही डोळे किड्यावर रोखतो, मान पुढे काढतो, तोंड उघडतं, जिभेचं टोक ओठांशी येतं, आणि तिथेच अडतं. दोन-तीनदा असं करून तो मागे सरकतो. किंवा जीभ सुटते पण अर्ध्यात पडते, किंवा किड्याला लागून सुटून येते. याला आपण ‘खात नाहीये’ म्हणतो, पण त्याला खायचं असतं, जमत नसतं. कॅल्शियम कमी पडल्याने स्नायू दुबळे होणं, जिभेला इजा होणं, तोंडात संसर्ग, अ जीवनसत्त्वाची कमतरता अशी कारणं त्यामागे असतात, आणि ती घरी ओळखता येत नाहीत. मोबाइलवर अशा प्रयत्नाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात तो किड्याकडे पाहणारही नाही.

वजन कसं करायचं? तो हातावर येत नाही.

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या. त्यावर एका जड डब्यात उभी केलेली फांदी ठेवा, काटा शून्यावर आणा आणि त्याला फांदीवरून फांदीवर सरकू द्या. पकडून उचलू नका. वाढत्या पिल्लाचं वजन दर आठवड्याला, मोठ्याचं पंधरा दिवसांतून एकदा, शक्यतो खाण्याच्या आधी. आकडा तारखेसह लिहून ठेवा.

पिल्लाचं वजन वाढलंच पाहिजे. दोन आठवडे एकाच जागी थांबलं तरी कारण शोधायला हवं. मोठ्याचं वजन स्थिर हवं. दहाव्या हिश्शाहून जास्त उतरलं आणि अंडी हे कारण नसेल, तर डॉक्टर.

कात टाकताना खात नाही. चालेल?

चालेल. एक-दोन दिवसांचा प्रश्न. लहानपणी दर काही आठवड्यांनी होतं, मोठेपणी अंतर वाढतं.

रातकिडे नको म्हणतो, पण मेणकिड्याच्या अळ्या दिल्या की तुटून पडतो.

मेणकिड्याच्या अळ्या म्हणजे चरबीच. त्या अधूनमधून, एखाद-दुसरीच. खरं कारण कंटाळा असतो. वाढत्या वयातला कॅमेलियन महिनोन्महिने एकच किडा पाहून खरोखर विटतो, पिल्लू सहसा विटत नाही. रातकिडे, डुबिया झुरळं, रेशीमकिड्याच्या अळ्या, सैनिक माशीच्या अळ्या आणि त्यांतून निघणाऱ्या माश्या असं आलटून-पालटून द्या. उडती माशी समोर आली की हट्टी नरही जागा होतो.

किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लांब नको. किड्यांनाही आदल्या दिवशी हिरवा पाला, गाजर, भोपळा असं चांगलं खायला घाला, कारण किड्याच्या पोटात असेल तेच शेवटी कॅमेलियनच्या पोटात जाणार. वर साध्या, डी३ जीवनसत्त्व नसलेल्या कॅल्शियमची हलकी पूड. पूड जाड बसली तर काही कॅमेलियन चवीमुळेच नाकारतात, हेही तपासा. बाहेर पकडलेल्या किड्यांवर कीटकनाशक असू शकतं, आणि काजवे तर विषारी, ते कधीच नकोत. न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात ठेवू नका, झोपलेल्या कॅमेलियनला ते चावतात.

दिव्याचा आणि भुकेचा काय संबंध?

फार जवळचा. अन्न पचवायला त्याला बाहेरची ऊब लागते. मोठ्या नराला दिव्याखाली ३० अंशांच्या आसपास, पिल्लांना २७-२८, आणि दोघांनाही सावलीत सरकायला थंड जागा. यात एक फसवणारी गोष्ट आहे. कॅमेलियनची जीभ ताणून सोडलेल्या रबरासारखी सुटते, त्यामुळे बाकीचं अंग थंडीने मंदावलं तरी ती बऱ्यापैकी वेगाने काम करते. म्हणजे गारठलेला कॅमेलियन किडा टिपेल, पण पचवू शकणार नाही. तो किडा पोटात पडून राहतो आणि दुसऱ्या दिवशीपासून खाणं बंद. म्हणून सकाळी दिवा लागून तासभर झाल्यावरच खायला द्यावं, आणि दिवा जायच्या आधी दोन-तीन तास खाणं थांबवावं.

यूव्हीबी नळीचंही, म्हणजे अतिनील किरण देणाऱ्या दिव्याचंही, असंच. डोळ्यांना ती लख्ख दिसते, पण आतून कामाचे किरण कमी झालेले असतात. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, बहुतेक नळ्यांना सहा ते बारा महिन्यांत, बदला. नेमक्या याच काळात पिल्लू मोठं झालेलं असतं, त्यामुळे ‘वयामुळे खात नाही’ अशी समजूत होते आणि नळीकडे कोणी पाहत नाही.

किड्यांऐवजी कुंडीतली पानं खातोय.

व्हेल्ड मोठा झाला की पानं कुरतडतो, हा त्याचा स्वभाव आहे. झाड बिनविषारी ठेवा, जास्वंदासारखं. ते बऱ्याच पाळणाऱ्यांच्या पिंजऱ्यात असतं. पानांवर अचानक फार जोर आला तर पाणी पुरेसं मिळतंय का ते पाहा.

पँथर आणि जॅक्सनचं वेगळं काय?

पँथर मादागास्करचा. वाढीची चाल व्हेल्डसारखीच, फक्त पानं तो फारशी खात नाही आणि मादी अंडी कमी घालते. जॅक्सन पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ, गार भागातला. त्याची वाढ सावकाश होते, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा थोडे किडे पुरतात, आणि जास्त जीवनसत्त्वं त्याला लवकर बाधतात. त्याची मादी अंडी न घालता थेट पिल्लं देते, साधारण सहा महिने गरोदर असते आणि शेवटच्या दिवसांत खाणं कमी करते.

जातीजातींत आयुष्याची गती किती वेगळी असते याचं टोकाचं उदाहरण म्हणजे मादागास्करचाच लाबोर्ड कॅमेलियन. तो आठ-नऊ महिने अंड्यात असतो आणि बाहेर येऊन जेमतेम चार-पाच महिने जगतो. दोन महिन्यांच्या आत वयात येतो. त्याच्यापुढे आपला व्हेल्ड निवांतच म्हणायचा.

तोंड उघडून भरवू का?

नाही. जबडा आणि जीभ दोन्ही नाजूक असतात, आणि घाबरलेला कॅमेलियन पुढे आणखी कमी खातो. भरवण्याची वेळ आली असेल तर ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आणि दाखवल्याप्रमाणेच.

किती दिवस वाट पाहायची?

चार महिन्यांखालचं पिल्लू दोन दिवस खात नसेल तर तेवढंच पुरे, डॉक्टरांना फोन करा. चांगल्या अंगाचा मोठा नर बाकी सगळं ठीक असताना आठवडाभर न खाता राहिला तर लगेच घाबरू नका. दहा दिवस झाले की तपासणी. नुकताच घरी आणलेला असेल तर पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्यात हात घालू नका, तीन बाजू झाका आणि दूरून पाहा. डोळे मिटलेले असतील तर यातला कुठलाही आकडा लागू नाही, त्याच दिवशी जा.

म्हातारपणी?

नीट सांभाळलेला व्हेल्ड नर सहा-आठ वर्षं जगतो, मादी सहसा त्याहून कमी. उतारवयात भूक आणखी एक पायरी खाली येते. नजर मंदावते, पकड ढिली होते, नेम चुकायला लागतो. किडे मोकळे सोडण्यापेक्षा वाटीत द्या, वाटी त्याच्या नेहमीच्या फांदीच्या उंचीवर बांधा आणि मऊ अळ्या निवडा. फांद्या जवळजवळ लावा, म्हणजे दिव्यापासून पाण्यापर्यंत जाताना पडणार नाही. माझा म्हातारा नर आता जीभ लांब फेकत नाही. वाटी तोंडापासून चार बोटांवर असली तर खातो. आठवड्यातून दोनदा, दर वेळी रेशमाच्या तीन अळ्या, आणि तिसरी चावायला त्याला बराच वेळ लागतो.